रीपर काही महिने वापरल्यावर: मुद्दा एकच, टेम्पो मॅप

रीपर म्हणजे संगणकावर गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. मिक्सर, प्लगइन, रेकॉर्डिंग सगळं व्यवस्थित चालतं, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मिडी फाइल (आवाज नव्हे, कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना) आत घेताना उघडणाऱ्या छोट्या चौकटीबद्दल.

ऑर्केस्ट्रासाठी ट्रॅक करताना विकतच्या मिडी फाइलींनी जीव खाल्लाय. परवाच्या फाइलीत मुखडा ९६ वर (मिनिटाला ९६ मात्रा), अंतऱ्याआधी ९४, ९१, ८७ असा पायरीपायरीने उतार, मग एकदम ९८. त्यावर ९६ चा केहरव्याचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेका) लावला की पहिल्या अंतऱ्यातच दोघं वेगळ्या वाटेला. विकणाऱ्याला कळवलं, तर म्हणे "तो फील आहे". आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फील काढायचा म्हणजे यादीतून टेम्पो बदलाची एकेक नोंद शोधून उडवत बसायचं.

रीपर फाइल टाकतानाच विचारतो: टेम्पो मॅप (फाइलीत लय कुठे किती बदलते त्याची नोंद) प्रोजेक्टमध्ये मिसळायचा का? सुरुवातीला दर वेळी येणाऱ्या या प्रश्नाचा वैताग यायचा. आता त्याच्यासाठीच मी रीपर सोडणार नाही. टिकमार्क काढला की लय माझी राहते आणि नोटा आपापल्या मात्रेवरच बसतात, कारण फाइलीत त्यांच्या जागा सेकंदांत नाही, टिक्समध्ये (मात्रेच्या बारीक भागांत) लिहिलेल्या असतात. मॅप आधीच आत आला असेल तर मास्टर ट्रॅकचा टेम्पो एन्व्हलप (लयीचा आलेख) उघडा, सगळे पॉइंट निवडा, डिलीट.

मात्र गायकाला बोलावण्याआधीच हे उरका. आवाज रेकॉर्ड झाल्यावर लय बदलली, तर टाइमबेसच्या (आवाज वेळेला बांधायचा की मात्रेला, या) सेटिंगप्रमाणे आवाज जागचा हलत नाही किंवा ताणला जातो, दोन्ही वाईटच. आणि सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा. फाइलीतले सगळेच टेम्पो उडवून ती कीबोर्डवर नेली तर मिडीच्या नियमाने १२० धरला जातो. ९६ चं भावगीत १२० वर ऐकवत नाही.

क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक) न लावता मोकळं वाजवलेल्या फाइलींना हा उपाय लागू नाही. तिथे टेम्पो एकच असतो, नोटाच मात्रेवरून सरकलेल्या असतात. त्या हाताने बसवाव्या लागतात.

चाचणी ६० दिवसांची, वैयक्तिक परवाना ६० डॉलर. पैसे वसूल झाले. फाइल विकत घेताना मात्र आता आधी विचारतो, टेम्पो किती ठिकाणी बदललाय? उत्तर मिळालं नाही तर पैसे पाठवत नाही.