रुग्णवाहिका वळवावी की दार उघडे ठेवावे?

आपत्कालीन विभाग भरून गेला की रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवायच्या, ही अमेरिकेतील जुनी रीत आहे. आत जागा नसताना आणखी रुग्ण घेऊन त्यांची आबाळ का करावी, हा तिच्यामागचा विचार वरवर पाहता पटणारा आहे. मात्र वळवलेला रुग्ण वाटेत जी मिनिटे गमावतो, त्यांचा हिशेब त्या भरलेल्या रुग्णालयाच्या दप्तरात कुठेच लागत नाही. कॅलिफोर्नियातील चार काउंटींच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या ज्या रुग्णांचे सर्वांत जवळचे रुग्णालय त्या दिवशी बारा तास किंवा अधिक काळ रुग्णवाहिका वळवत होते, त्यांच्यातील तीस दिवसांतील मृत्युदर सुमारे १९ टक्के आढळला. ज्यांच्याबाबत अशी वेळ आली नाही, त्यांच्यात तो १५ टक्के होता.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी २००९ पासून दुसरा मार्ग धरला आणि रुग्णालयातच दुर्घटना घडल्याखेरीज रुग्णवाहिका वळवण्यास बंदी केली. गर्दी हाताबाहेर जाईल ही भीती होती, पण बॉस्टन परिसरातील नऊ रुग्णालयांच्या पाहणीत दाखल होणाऱ्या रुग्णांचा आपत्कालीन विभागातील मुक्काम वाढला नाही, उलट थोडा घटला. गर्दीचे मूळ बहुधा दाराशी नसून वरच्या मजल्यावर असते: वॉर्डात खाट रिकामी होईपर्यंत दाखल रुग्ण खालच्या मार्गिकेतच ट्रॉलीवर पडून राहतो. म्हणून मला बंदीच अधिक योग्य वाटते. अर्थात वॉर्डातून रुग्णांना वेळेवर घरी सोडले जात नसेल, तर रुग्णवाहिकेचे कर्मचारीच रुग्णाच्या स्ट्रेचरपाशी ताटकळत उभे राहतील.