मोका पॉट आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर: डिचोलीच्या घरातले दहा महिने

गेल्या नोव्हेंबरात मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून दाट कॉफी करायचं छोटं भांडं, घेतला. कामासाठी रोज पणजीला जाते आणि तिथे आठवड्यातून दोन-तीनदा एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबानं काढलेली दाट कॉफी, प्यायची सवय लागली होती. रविवारी घरी असले की तीच कॉफी आठवायची. इन्स्टंटची पूड दुप्पट घालून पाहिली, पण ती नुसती कडू लागते, तिला अंग येत नाही. मला घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा तो जाडपणा हवा होता. आता ऑगस्ट संपत आलाय आणि थंडी, उन्हाळा, पाऊस असे तिन्ही ऋतू या भांड्याबरोबर काढून झालेत. पावसाळा पाहिल्याशिवाय गोव्यात स्वयंपाकघरातल्या कुठल्याच वस्तूबद्दल मत देऊ नये असं मला वाटतं, म्हणून इतके दिवस थांबले.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. यात होते ती खरी एस्प्रेसो नव्हे. एस्प्रेसोला साधारण ९ बार (बार हे दाबाचं माप) दाब लागतो, तर मोका पॉटमध्ये तो एक-दोन बारच्या आसपास असतो. त्यामुळे वरचा सोनेरी जाड फेस यात येत नाही. सुरुवातीला थोडा फिकट फेस दिसतो, तोही लगेच विरतो. पण दूध घालूनही चव पुरून उरेल इतकी दाट, काळी कॉफी नक्की मिळते. मला तेवढीच हवी होती. तुम्हाला तो फेसच हवा असेल तर हे भांडं घेऊ नका, मन लागणार नाही.

भांडं इटलीचं. १९३३ साली आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात ते पहिल्यांदा बनलं, आणि आठ कडांचा तोच आकार आजही चालतो. नाव येमेनच्या मोखा बंदरावरून पडलंय. आपल्याकडे कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन या सूफी संतांनी ज्या सात बिया आणून लावल्या अशी आख्यायिका आहे, त्याही याच मोखाहून आलेल्या. मी चिकमगळूरच्याच बिया वापरते, त्यामुळे सकाळी भांडं चुलीवर ठेवताना हे हटकून आठवतं.

माझं भांडं एका भारतीय कंपनीचं, ॲल्युमिनियमचं, तीन कपांचं. हे कप इटालियन मापाचे, म्हणजे आपला चहाचा एक कप कसाबसा भरतो. खालच्या भागात पाणी, मध्ये पूड भरायची चाळणी, वर कॉफी जमा व्हायचा भाग. पाणी तापलं की खालची हवा आणि वाफ त्याला नळीतून वर ढकलते. पाणी पुडीतून जातं आणि वरच्या भागात उतरतं. खालचं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं की नुसती वाफ वर येऊ लागते आणि भांडं फुरफुरतं. करपट कडूपणा त्या शेवटच्या फुरफुरण्यात येतो. पहिला महिनाभर मी तो आवाज म्हणजे कॉफी झाल्याची खूण समजत होते, आणि रोज कडवट कॉफी पीत होते. आता धार गडद तपकिरीवरून पिवळसर झाली की गॅस बंद करते आणि भांड्याचं बूड लगेच नळाखाली धरते. एवढ्या एका बदलानं चव जितकी सुधारली, तितकी दुसऱ्या कशानंही सुधारली नाही.

माझी रोजची पद्धत अशी. पाणी आधी वेगळं उकळून घेते आणि खालच्या भागात वाफेच्या झडपेच्या जरा खालपर्यंत भरते. गार पाण्यानं सुरुवात केली तर पाणी तापेपर्यंत पूडही तापत राहते आणि गडद भाजलेल्या बिया आणखी कडू लागतात, असा माझा अनुभव. मग चाळणीत १६ ग्रॅम पूड घालते, बोटानं सपाट करते, पण दाबत नाही. दाबली तर पाणी अडतं. फडक्यानं धरून भांडं घट्ट पिळते, कारण तोवर बूड चांगलंच तापलेलं असतं. शेगडीच्या सगळ्यांत लहान बर्नरवर, अगदी मंद आचेवर ठेवते. गॅसच्या जाळीवर हे एवढंसं भांडं नीट बसत नाही, कलंडतं. त्यासाठी भांड्याच्या दुकानातून लहान लोखंडी जाळी आणली. ज्यांच्याकडे इंडक्शन आहे त्यांनी स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं त्यावर तापत नाही.

चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड यात घालू नका. घरात होती म्हणून मी एकदा घातली. पाणी वर चढेना आणि जोडातून बाजूनं वाफ सुटायला लागली. लगेच गॅस बंद केला आणि भांडं पूर्ण निवेपर्यंत हात लावला नाही. ती पूड पितळेच्या फिल्टरमध्येच शोभते.

आता ग्राइंडर. भांड्यापेक्षा यावर तिप्पट पैसे गेले आणि ते योग्य ठिकाणी गेले. पहिले तीन आठवडे बिया मिक्सरमध्ये दळत होते. मिक्सरचं पातं बी तोडतं, त्यामुळे काही पीठ होतं, काही कणी उरते. पिठातला अर्क पाण्यात जास्त उतरून कॉफी कडू होते, कणीतला कमी उतरून आंबट राहते, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. हाताच्या ग्राइंडरमध्ये पोलादी दातेरी शंकू असतो, तो सगळे कण जवळपास सारखे पाडतो. माप म्हणाल तर बारीक मिठाइतकं, मैद्यासारखं नको आणि रव्यासारखंही नको. १६ ग्रॅम दळायला दीड-दोन मिनिटं लागतात. मनगट दुखरं असेल त्यांनी मात्र विजेचा घ्यावा, कारण गडद भाजलेल्या बिया सोप्या जातात, पण हलक्या भाजलेल्या खरंच जोर मागतात.

हाताच्या ग्राइंडरची खरी किंमत मला जूनमध्ये कळली. वादळी पावसात आमच्याकडे वीज गेली की कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. माझ्या भावाकडे म्हापशाला एस्प्रेसोचं विजेचं यंत्र आहे, खोक्यावर १५ बार लिहिलेलं. ते पंपाची कमाल ताकद सांगतं, कॉफी उतरायला नऊच लागतात. यंत्र चांगलं आहे, फेसही सुंदर येतो, पण त्या दिवसांत ते बंद होतं आणि माझ्या शेगडीवर कॉफी रोजच्यासारखी होत होती.

मे महिन्यात मात्र माझी मोठी चूक झाली. आमच्याकडे पावसाआधी पुरुमेंत भरतात. भिरंडाची सोलं (आमसुलं), सुक्या मिरच्या, चिंच, सुकी सुंगटं (कोळंबी), चार महिन्यांची सगळी बेगमी. त्याच भरात मी भाजलेल्या बियांची एक किलोची पिशवी मागवली. पावसात कुरिअर उशिरा येतो, एकदाच आणून ठेवू, असा विचार. पिशवी रोज उघडत होते, घडी घालून क्लिप लावत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वास उतरला. मधल्या आठवड्यात दळलेली पूड ग्राइंडरच्या डबीतच गोळा व्हायला लागली आणि कॉफीला ओल्या लाकडासारखी चव आली. मिठाला पाणी सुटतं त्या हवेत भाजलेली बी कोरडी कशी राहणार? भाजताना तिच्यातलं पाणी जवळजवळ सगळं गेलेलं असतं, त्यामुळे ती हवेतला ओलावा ओढून घेते. शिवाय भाजताना बीत तयार झालेला उरलेला वायू निघून जातो आणि तेल खवट होऊ लागतं. शेवटची तीनशे ग्रॅम कॉफी मी झाडांच्या मुळाशी घातली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

याच पावसाळी वाऱ्यात एक कॉफी मुद्दाम घडवतात, हे इथे सांगायला हवं. मान्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांतून युरोपला जायला महिनोन् महिने लागायचे, त्या दमट प्रवासात कच्च्या बिया फुगून पिवळसर व्हायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. मग पश्चिम किनाऱ्यावर उघड्या गोदामांत पावसाळाभर कच्च्या बिया पसरून, वळवून ती पुन्हा आणली. म्हणजे आपला वारा कच्च्या बीला मानवतो, भाजलेलीला नाही. मी जुलैअखेर तिचं पाकीट आणलं. आंबटपणा जवळजवळ नाही, जड, मातकट. काळी प्यायला मला फार रुचली नाही, पण दुधात फारच छान उतरते.

त्यानंतर किलो बंद. आता भाजल्याची तारीख छापलेलं २५० ग्रॅमचं पाकीट मागवते. आठ-दहा दिवस न उघडता ठेवते, कारण ताज्या भाजलेल्या बियांत वायू भरपूर असतो आणि धार उसळत येते. मग घट्ट झाकणाच्या पाच बरण्यांत ५०-५० ग्रॅम भरून फ्रीझरमध्ये टाकते. एका बरणीत तीन वेळची कॉफी होते. रात्री बरणी बाहेर काढते आणि सकाळी ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडते, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. उघडी पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा विचारही करू नका. शेजारी मसाला लावलेले बांगडे असतील तर कॉफी तो वास घेतेच. दमट दिवसांत दळण किंचित जाडसर करते, त्यामुळे धार अडत नाही. उन्हाळ्यात दळताना सालपटं डबीला चिकटतात, तेव्हा बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवते. पावसात त्याची गरज पडत नाही.

मी वापरते ते मिश्रण कॉफीच्या दोन जातींचं, ७० टक्के अरेबिका, ३० टक्के रोबस्टा. रोबस्टात कॅफीन जवळपास दुप्पट असतं, आणि अंगही तीच देते. नुसती अरेबिका मोका पॉटमध्ये मला पातळ वाटली.

भांड्याची निगा सोपी आहे, पण पावसात टाळता येत नाही. जुलैमध्ये चार दिवस बहिणीकडे गेले, भांडं पिळून बंद करून ठेवलेलं. परत येऊन उघडलं तर आत पांढरे डाग आणि रबराच्या रिंगला बुरशीचा वास. लिंबाचं पाणी उकळून काढलं, मग दोनदा कॉफी करून ओतून दिली. तेव्हापासून तिन्ही भाग सुटे करून, पुसून, उघडेच ठेवते. साबण लावत नाही, नुसतं गरम पाणी. रबराची रिंग गेल्या आठवड्यात बदलली, जोडातून वाफ यायला लागली होती. कुकरची रिंग बदलतो तसंच काम. मात्र घेतानाच एक जादा रिंग मागून घ्या, नंतर त्या मापाची इथे मिळवताना मला तीन दुकानं फिरावी लागली.

एप्रिल-मेमध्ये गरम कॉफी नकोशी होते. तेव्हा पेल्यात बर्फ, त्यावर शहाळ्याचं पाणी, आणि वरून मोकाची कॉफी हळूहळू. साखर लागत नाही. आईला मात्र दूध आणि माडाचा काळा गूळ घालून आवडते. गूळ गॅस बंद केल्यावरच घालायचा, नाहीतर दूध फाटतं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती आधी कॉफी झाली का विचारते, मग उंडे (गोल पाव) घ्यायला जाते. चाळीस वर्षं चहाशिवाय दिवस न उघडलेल्या बाईनं असं विचारावं, याचा मला फार आनंद होतो.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. हे भांडं अर्धं भरून चालत नाही. पाणी आणि पूड दोन्ही पूर्ण मापानं भरावी लागतात, नाहीतर कॉफी पातळ किंवा जळकी होते. त्यामुळे एकटीसाठी करायची असेल तरी पूर्ण करावी लागते, आणि चार पाहुणे आले की तीनदा मांडावी लागते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे वीसेक माणसं असतात. त्यासाठी नणंदेचं सहा कपांचं भांडं आधीच मागून ठेवलंय, आणि फ्रीझरमधल्या तीन बरण्या तोवर कुणी उघडायच्या नाहीत असं घरात सांगितलंय.