'अंगावर पाजणाऱ्या आईसाठी सुरक्षित' म्हणून विकलेल्या बिननावाच्या डब्या

बाळ अंगावर पीत असताना चेहऱ्यावरचे वांग, सुरकुत्या किंवा सैल पडलेली त्वचा यांवर उपचार करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्या गोव्यातील भगिनींनी पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो लिहीत आहे. ज्या 'स्किन स्टुडिओ'ने मला फसवले त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. शिवाय जाहिरातींचा सूर पाहता हा प्रकार एकाच ठिकाणी चालत असेल असे मला वाटत नाही.

मी डिचोलीची. पहिले बाळंतपण सदतिसाव्या वर्षी झाले आणि गरोदरपणातच दोन्ही गालांवर वांग उतरले. दिराचे लग्न तोंडावर आले होते आणि घरी येणारी प्रत्येक बाई बाळाआधी माझ्या चेहऱ्याबद्दल बोलत होती. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे वांग येते, ऊन त्याला खतपाणी घालते आणि बाळंतपणानंतर अनेकींचे ते काही महिन्यांत आपोआप फिके होते, ही साधी माहिती त्या स्टुडिओत मला कोणीही दिली नाही. दिली असती तर पॅकेज विकले गेले नसते.

पांढरा कोट घातलेल्या ज्या तरुणीला तेथील सगळे 'डॉक्टर' म्हणत होते, तिने सौंदर्यशास्त्राचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केला होता, हे मला पुढे कळले. बाळ पूर्णपणे माझ्या दुधावर आहे हे मी आरंभीच सांगितले आणि क्रीममध्ये नेमके काय आहे, असे विचारले. उत्तर आले, "आमचं सगळं लॅक्टेशन सेफ आहे, मॅडम. हर्बल बेस आहे, सर्टिफिकेट समोरच लावलंय." भिंतीवरच्या त्या चौकटीचा मी फोटो काढला होता. घरी तो मोठा करून वाचला, तेव्हा ते आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र निघाले. हे प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थापनाविषयी असते. एखादे क्रीम दूध पिणाऱ्या बाळाला चालेल की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

पॅकेजची किंमत अठ्ठेचाळीस हजार रुपये होती. सदस्यत्वाची नोंदणी करायची म्हणून माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागण्यात आला. प्रत्यक्षात तो एका वित्त कंपनीच्या कर्जकरारावरील माझी संमती ठरला आणि संध्याकाळी पहिल्या हप्त्याची तारीख कळवणारा संदेश आला. जाब विचारल्यावर "बिनव्याजी आहे ना मॅडम, मग काळजी कसली?" असे हसत हसत सांगण्यात आले.

सोबत दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळाल्या. एकीच्या झाकणावर काळ्या मार्करने 'दि' आणि दुसरीवर 'रा' लिहिले होते. याखेरीज त्यांवर एक अक्षरही नव्हते. ना घटक, ना बॅच क्रमांक, ना उत्पादकाचे नाव, ना मुदत. "तुमच्यासाठी ताजं बनवतो, म्हणून लेबल नसतं," हे त्यावरचे स्पष्टीकरण.

परिणाम मात्र झपाट्याने दिसला आणि खरा धोका तिथेच होता. लग्नात सगळ्यांनी कौतुक केले, दोन चुलत जावांनी पत्ताही मागून घेतला. पुढे माहेरी कुडाळला गेले असताना 'रा'ची डबी घरी राहिली आणि काही दिवसांतच गाल लालभडक होऊन आग होऊ लागली, बारीक पुटकुळ्या उठल्या, नाकाच्या बाजूला तांबड्या शिरा दिसू लागल्या. फोनवर सांगण्यात आले की शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत आणि रात्रीचे क्रीम दोन वेळा लावायला हवे.

मी परत आल्यावर थेट स्टुडिओत गेले. मला आतल्या खोलीत बसवण्यात आले. तेथे हात धुण्याच्या बेसिनखाली कचऱ्याची बादली होती आणि तीत पिळून चपट्या केलेल्या ट्यूबा व त्यांची खोकी पडली होती. खोक्याच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध, आणि खाली तीन नावे छापलेली होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन. माझ्यासाठी 'ताजे बनवलेले' ते हेच होते. मी फोटो काढला आणि काही न बोलता बाहेर पडले.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी तो फोटो पाहताच डोके हलवले. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. त्याने चेहरा काही दिवस उजळतो, पण ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि थांबवल्यावर चेहरा पेटून उठतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, ते याच गैरवापरामुळे. डाग फिके करणाऱ्या हायड्रोक्विनोनचा सुमारे ३५ ते ४५ टक्के भाग त्वचेतून रक्तात शोषला जातो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला ते टाळायला सांगतात. अ जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनोइन त्वचेतून फारच कमी शोषले जाते, तरीही खबरदारी म्हणून तेही पुढे ढकलतात. याच कुळातील आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या मात्र या काळात अजिबात घ्यायच्या नसतात. मग त्यांनी विचारले, "बाळाला छातीशी घेता तेव्हा त्याच्या गालाला तुमचा गाल लागतो ना?" दुधाच्या काळजीत या वाटेचा मी विचारच केला नव्हता. सुदैवाने बाळाच्या तपासणीत काही वावगे आढळले नाही.

बिननावाच्या डबीत यापेक्षाही वाईट काही असू शकते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीमे वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळला आणि त्या क्रीमांत पारा सापडला, हे २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतूनही आले होते. पारा आईच्या दुधातही उतरतो.

याचा अर्थ या काळात काहीच करता येत नाही असा नाही. मला झिंक ऑक्साइडचे, लोह ऑक्साइड मिसळलेले रंगीत सनस्क्रीन देण्यात आले, कारण वांग उन्हातील दृश्य प्रकाशानेही गडद होते आणि साधे सनस्क्रीन तेवढे अडवत नाही. पुढे त्वचा शांत झाल्यावर वांग फिके करणारे अझेलाइक आम्ल सुरू झाले. क जीवनसत्त्व आणि नायसिनामाइड चालतात. फक्त यातले काहीही स्तनांवर किंवा बाळाचे तोंड लागेल तेथे लावायचे नसते. पॅकेजमध्ये बोटॉक्स आणि फिलर, म्हणजे सुरकुत्या घालवण्याची व त्वचा भरून काढण्याची इंजेक्शनेही होती; त्यांबद्दल विचारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की ते दुधात उतरण्याची शक्यता कमी मानली जात असली तरी पुरेसा अभ्यास झालेला नाही, म्हणून बाळाचे दूध सुटेपर्यंत थांबणे बरे. आणि सुई कोण टोचणार, हा प्रश्न उरतोच.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांचा आधार मिळाला. करारापूर्वी व्याज आणि शुल्क यांचा तपशील देणारे पत्रक द्यावे लागते आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते, यांपैकी काहीच मला सांगण्यात आले नव्हते. वित्त कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, असे त्यात नमूद करताच उरलेले हप्ते थांबले. स्टुडिओने निम्मी रक्कम देऊ केली, पण कोठेही वाच्यता करणार नाही अशा कागदावर सही मागितली. ती मी केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज गेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

ज्यांच्या घरी अशी डबी या क्षणी आहे, त्यांनी घाबरून ती एकदम बंद करू नये, कारण स्टेरॉइड अचानक थांबवल्यावरच माझा चेहरा पेटला. पण त्यात पाराही असू शकतो, म्हणून लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि ती कशी सोडायची ते विचारावे. डबी फेकूनही देऊ नये. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेली वस्तू शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि गोव्यात या कामासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात जावे लागते. सोबत पावती न्यावी. माझी पावती 'सदस्यत्व शुल्क' या नावाची होती आणि तिच्यावर क्रीमचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे ती डबी त्यांनीच दिली हे सिद्ध करण्यासाठी मला व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने संदेश शोधावे लागले. तुम्ही पैसे देतानाच डबीतील घटकांची नावे पावतीवर लिहून मागा, आणि ती लिहून द्यायला जे तयार नसतील त्यांच्याकडे पैसे भरू नका.