लेस्टरमधली लाल-काळी फरशी आणि ती उजळणारे काका-पुतण्या

सासूबाई पहिल्यांदा इंग्लंडमध्ये, आमच्याकडे लेस्टरला आल्या तेव्हा स्वयंपाकघरात अनवाणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, या जमिनीला ओल आहे. चपला घालत जा." तेव्हा खाली व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं आच्छादन होतं. एका दुकानातून आम्हीच घालून घेतलेलं. दुकानाच्या माणसानं ओल मोजली नाही, खाली काय आहे तेही पाहिलं नाही. जुन्या फरशीवर गोंद फासला आणि वर व्हिनाइल चिकटवून मोकळा झाला. दोन हिवाळ्यांत भिंतीच्या कडेला बुरशी चढली आणि स्कर्टिंगचं, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीचं लाकूड बोटानं दाबलं तरी आत जायला लागलं.

आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं आहे. अशा घरांच्या स्वयंपाकघरात बहुतेक वेळा क्वारी टाइल असते, म्हणजे ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) नसलेली, भट्टीत कडक भाजलेली मातीची जाड फरशी. आमच्याकडे लाल-काळा पट आहे. खाली ना काँक्रीट ना प्लास्टिकचा कागद, नुसती राख आणि माती. जमिनीतला ओलावा फरशीतून आणि सांध्यांतून सावकाश वर येतो आणि उडून जातो. वरून वाट बंद केली की तो भिंतीकडे वळतो. आमचं नेमकं तेच झालं होतं.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते साठीतले गृहस्थ आणि त्यांचा पुतण्या, दोघांचाच जुनी फरशी उजळण्याचा व्यवसाय. मला हवी होती चकचकीत, ओली दिसणारी फरशी. त्यांनी स्पष्ट नकार दिला. "वर थर बसणारं काहीही मी लावणार नाही. सहा महिन्यांत पांढरं पडेल आणि पापुद्रे निघतील." काम हातचं जाईल याची पर्वा न करता असं सांगणारा माणूस मला इथे पहिल्यांदाच भेटला.

आधी त्यांनी व्हिनाइलचा एक कोपरा उचलला, उघड्या फरशीवर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला आणि दोन दिवसांनी आले. आतून थेंब धरले होते. मग ते घराबाहेर गेले. मागच्या भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा होता, त्याची माती आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, आणि पन्हाळीचा पाइप तिथेच गळत होता. "आधी हे करा, मग मला बोलवा." आम्ही वाफा खणून खाली घेतला, पाइप बदलला. तेवढ्यानंच महिन्याभरात खोलीतला कुबट वास गेला.

व्हिनाइल पूर्ण निघाल्यावर त्याखाली आणखी जुना, काळा डांबरी गोंद दिसला. पुतण्यानं खरवडणी तिथेच हातातून खाली ठेवली. अशा जुन्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे बारीक तंतू) असू शकतं, म्हणून नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल स्वच्छ आल्यावरच काम पुढे. ज्यांच्याकडे असा गोंद असेल त्यांनी तो घासायला-खरवडायला बसू नये, आधी तपासून घ्यावा.

सात फरशा फुटलेल्या होत्या. त्यातली एक उचलली तेव्हा मी शेजारीच बसले होते. मागच्या बाजूला उभ्या खाचा, आणि खाली काळी राख, चहा गाळल्यावर उरलेल्या चोथ्यासारखी ओलसर. बदली फरशा त्यांनी जुन्या सामानाच्या वखारीतून आणल्या, जाडी मोजून, कारण आजच्या बहुतेक फरशा पातळ असतात. सांध्यांतलं सिमेंट काढून चुन्याचा माल भरला.

धुऊन, मशिननं घासून, पाणी ओढून घेतल्यावर त्यांनी तीन आठवडे काहीच केलं नाही. मे महिना, खिडक्या उघड्या. फरशीवर मिठासारखी पांढरी पूड यायची. मी पुसायला निघाले तर म्हणाले, पाणी लावू नका, क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात; कोरड्या ब्रशनं झाडा आणि व्हॅक्यूमनं ओढा. पूड यायची जवळजवळ थांबली, तेव्हा आत मुरणाऱ्या, वाफ अडवत नाही अशा सीलरचा, म्हणजे डाग अडवणाऱ्या द्रवाचा, एकच हात दिला आणि वरचं जास्तीचं लगेच पुसून घेतलं.

रंग आता गाजरासारखा नाही, विटेसारखा लाल आहे. काळी फरशी निळसर झाक मारते. चमक नाही, आणि आता मला ती नकोच आहे. फोडणीचं तेल सांडलं तर डाग राहत नाही. हळद मात्र लगेच पुसावी लागते, रात्रभर राहिली की पिवळी सावली उरते.

तक्रारी दोन. ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा आले, आणि सिंकखालच्या कोपऱ्यात काळा गोंद तसाच राहिला आहे. साडेअकरा चौरस मीटरचे सगळे धरून 780 पौंड झाले. मागच्या दाराशी हिवाळ्यात थोडी पांढरी पूड येते. ती येणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जाताना त्यांनी दारातलं रबरी पायपुसणं उचलून दाखवलं. त्याखाली बरोबर त्याच आकाराचा ओला काळा चौकोन होता. आता तिथे सासूबाईंनी सोलापूरहून आणलेली सुती सतरंजी असते, ती मी दर शनिवारी उचलून बाहेर वाळत घालते.