गोवा ते लिस्बन : विमान-अंतराचं कॅल्क्युलेटर आठ महिने वापरल्यावर

अंतराचा आकडा बिनधास्त धरा, वेळेचा धरू नका. गोव्याच्या दाबोळी विमानतळापासून लिस्बनपर्यंत हे ॲप साधारण 8,340 किलोमीटर दाखवतं, आणि पृथ्वीच्या गोलावरून मोजलं तर तेवढंच भरतं. बाजूची वेळ मात्र 10 तास 50 मिनिटं. ती ताशी 805 किलोमीटर वेग धरून, वर चढ-उताराचा अर्धा तास मिळवून काढलेली असते. गोव्याहून लिस्बनला थेट विमानच नाही, त्यामुळे ही वेळ कोणत्याच तिकिटावर सापडणार नाही.

उपाय सोपा आहे: टप्पे वेगळे टाका. दाबोळी–दुबई सुमारे 2,210 किलोमीटर, सव्वातीन तास. दुबई–लिस्बन सुमारे 6,140, आठ तासांच्या वर थोडं. हे आकडे तिकिटावरच्या वेळांशी बऱ्यापैकी जुळतात. गंमत म्हणजे दुबईमार्गे एकूण अंतर दहा किलोमीटरपेक्षा जास्त वाढत नाही, कारण दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. दिल्लीमार्गे गेलात तर नऊशेहून जास्त किलोमीटरचा वळसा. मधला थांबा ॲप धरत नाही, तो आपणच मिळवायचा.

येतानाची वेळ जातानाइतकीच दाखवणं ही मोठी चूक. वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून लिस्बन–दुबई साधारण सात तास वीस मिनिटांत होतं.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. जानेवारीत लिस्बनहून दुपारी 2 ला सुटलेलं विमान दुबईला रात्री 1.20 ला पोचतं. चार तास थांबून पुढचं धरलं तर गोव्यात सकाळी 9.50, म्हणजे प्रवास 14 तास 20 मिनिटांचा. पण तारीख दुसऱ्या दिवसाची! तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात +1 छापलेलं असतं, ॲपमध्ये ते नाही. विमानतळावर न्यायला येणारी गाडी एक दिवस आधी सांगितली जाते ती इथेच.

आणखी एक. नुसतं ‘गोवा’ टाकलं की ॲप दाबोळीच धरतं. मोपा या गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळासाठी जीओएक्स हा कोड टाकावा लागतो, दाबोळीचा जीओआय. लिस्बनच्या हवाई अंतरात फरक जेमतेम वीसेक किलोमीटरचा, दीड-दोन मिनिटांचा. जमिनीवर मात्र मडगावकराला दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, आणि मोपा झुआरी पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा, धारगळ करत साठाच्या वर. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं असतं, तेव्हा तिकिटावरचा कोड वाचूनच घरातून निघायची वेळ ठरवा.

मैलांचा पर्याय निवडताना नॉटिकल (सागरी) मैल तर लागलेले नाहीत ना, तेही बघा. तिथे हाच प्रवास 4,500 दिसतो, साध्या मैलांत 5,180.