डॉक्टरांनी ‘बाहेर खेळणं’ लिहून दिलंय: बाग, क्लास की डोंगर?

थोरल्याला तिसरीत चष्मा लागला. उणे सव्वा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबराखाली लिहिलं, ‘रोज २ तास बाहेर, दिवसाउजेडी’, आणि त्याखाली ठळक रेघ ओढली. घरी पोचेपर्यंत आमच्यात तीन पक्ष पडले होते. सासूबाई म्हणाल्या, खालची बाग काय वाईट आहे? नवरा म्हणाला, क्रिकेटच्या क्लासला घालू, निदान नेमाने जाईल. मला आमच्या नाशिकच्या पांडवलेणीचा डोंगर दिसत होता. वर्षभरात तिन्ही करून झालं. तुमच्या हातातही अशी चिठ्ठी असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

ही चिठ्ठी म्हणजे आपल्या एखाद्या डॉक्टरांची लहर नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट झार यांनी बरीच वर्षं मुलांना बाग लिहून दिली. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये असाच उपक्रम सुरू झाला. तिथला डोस आठवड्याला २ तास, एका वेळी निदान २० मिनिटं. अशा चिठ्ठीत कोणती बाग, किती वेळ, आठवड्यातून कितीदा हेही ठरवून देतात. नुसतं ‘मुलाला बाहेर काढा’ ऐकून आपण मान डोलावतो आणि विसरतो, म्हणून तुमच्या चिठ्ठीत जागा आणि वेळ नसेल तर स्वतःच लिहून घ्या.

त्याआधी एक प्रश्न डॉक्टरांना विचाराच: हे नक्की कशासाठी? डोळ्यांसाठी, वजनासाठी की चिडचिडीसाठी? उत्तर बदललं की निवडही बदलते. आम्ही हे विचारलंच नाही, आणि त्यात सहा महिने गेले.

डोळ्यांचं गणित उजेडाचं आहे. वर्गात किंवा घरात ट्यूबलाइटखाली साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजारांवर जातो आणि उघड्यावर दहा हजारांच्या कितीतरी पुढे. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि बुबुळापासून मागे लांबत जाण्याची डोळ्याची वाढ आवरली जाते, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हात उभं राहायला नको, टोपी घातली तरी चालते. सूर्याकडे मात्र बघायचं नाही.

आता क्लास. आमचा संध्याकाळी सहा ते साडेसात. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, म्हणजे पोरगा पॅड बांधेपर्यंत दिवे लागलेले. डोळ्यांसाठी हा वेळ जवळजवळ वाया. एक दिवस मी बाकावर बसून घड्याळ लावलं: दीड तासात त्याच्या हातात बॅट अकरा मिनिटं, बाकी रांग आणि पाण्याची बाटली. सगळेच क्लास असे नसतात, पण पैसे भरण्याआधी एकदा घड्याळ लावून बघा. क्लासची खरी ताकद वेगळीच आहे. फी भरलेली असते, त्यामुळे कंटाळा आला तरी जाणं होतं. कारण वजनाचं असेल आणि मूल खरोखर धावत असेल, तर मी क्लासच निवडेन. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती बागेत रमतगमत क्वचितच भरते. फक्त सकाळची बॅच मागा.

डोंगराबद्दल मी पक्षपाती आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या, खाली नेहरू वनोद्यान, किंवा पंचवटीकडे राहत असाल तर म्हसरूळची चामरलेणी. मुलं वरून शहर बघतात आणि ‘आपलं घर कुठंय’ यावर अर्धा तास भांडतात. भूक अशी लागते की डब्यातली मेथीसुद्धा संपते. पण हिशेब करा. रोज २ तास म्हणजे आठवड्याला १४. रविवारच्या डोंगराने त्यातले फार तर ३ भरतात, तेही पाहुणे आले नाहीत आणि कोणाची परीक्षा नसली तर.

बाग अगदीच साधी. आमच्या कॉलनीतल्या बागेत घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, झोक्याची एक साखळी दिवाळीपासून गायब. तरीही आमचे बहुतेक तास इथेच भरले. खेळणी मोडकी असल्यामुळे मुलांनी लगोरी आणि डबा ऐसपैस उकरून काढले. पाच वर्षांची धाकटी गुलमोहराखाली जुन्या चमच्याने मुंग्यांचं वारूळ ‘दुरुस्त’ करत बसते, तासच्या तास. इथे धावपळ कमी, पण उजेड भरपूर, आणि कोणी शिट्टी वाजवत नाही. चिडचिड्या, सतत स्क्रीन मागणाऱ्या मुलासाठी मला हेच बरं वाटतं. अमेरिकेतल्या ओकलंडच्या एका अभ्यासात बागेत जाणं वाढलं तसा पालकांचा ताण कमी झालेला दिसला. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझा फोन त्या बाकावर पिशवीतच असतो.

अडचणी आहेत. तिन्हीसांजेला डास येतात, म्हणून आम्ही साडेचारला उतरतो आणि दिवे लागायच्या आत घरात. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ. पावसात गोदावरीकाठच्या गोदा पार्कचा विचार करणाऱ्यांनी आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची खबर घ्यावी. त्याच्या कमरेला पाणी लागलं की नदीकाठ विसरायचा. रिपरिप असेल तर रेनकोट घालून बागेतच, ढगाळ उजेडही घरापेक्षा कितीतरी जास्त.

तर आमचं सध्या असं आहे: रोज बाग, महिन्यातून दोनदा डोंगर, आणि क्लास सकाळच्या बॅचची जागा होईपर्यंत बंद. नवरा अजून थोडा नाराज आहे.

सहामाही तपासणीला डॉक्टर एक गोष्ट म्हणाले, ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. उजेडाचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी असतो, लागलेला नंबर वाढण्यावर त्याची पकड ढिली. म्हणजे चिठ्ठी थोरल्याच्या नावावर, आणि गरज धाकटीला जास्त. ती तेव्हा दवाखान्याच्या दारात चपला उलट्या घालून उभी होती, दोन्ही पायांना लाल माती. तिला अजून नंबर नाही. पुढची तपासणी जूनमध्ये.