बी.एस्सी. नर्सिंगची पदवी : वॉर्डमध्ये कितपत उपयोगी पडते?

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून रुजू होणाऱ्या परिचारिकांसोबत मी वॉर्ड इन्चार्ज म्हणून काम करते. त्यामुळे हे परीक्षण इमारतीचे किंवा निकालाच्या टक्केवारीचे नसून, पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना पहिल्या काही रात्रपाळ्यांत काय जमते आणि काय जमत नाही, याचे आहे.

पाया भक्कम असतो. औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ पडताळण्याची सवय अंगवळणी पडलेली असते, आणि निर्जंतुक ड्रेसिंगच्या बाबतीत ही मुले आम्हा जुन्या सिस्टरांपेक्षाही काटेकोर असतात.

अडते ते अनेक रुग्ण एकाच वेळी सांभाळताना. महाविद्यालयातील केस स्टडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांचा भर एका रुग्णावर असतो. त्याची तपासणी करून, केअर प्लॅन (शुश्रूषेचा लेखी आराखडा) लिहून, तोंडी परीक्षेला उत्तरे दिली की काम झाले. प्रत्यक्षात मात्र एक रुग्ण नुकताच शस्त्रक्रियागृहातून आलेला असतो, दुसऱ्यासाठी रक्तपेढीतून पिशवी आलेली असते, तिसऱ्याचे नातेवाईक डिस्चार्जच्या कागदांसाठी टेबलापाशी उभे असतात, आणि यांतले आधी काय करायचे हे कोणत्याही केअर प्लॅनमध्ये लिहिलेले नसते. नव्या परिचारिकेला लघवीचे प्रमाण घटलेले आणि नाडी वाढलेली दिसते, ती तशी नोंदही करते. पण रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरांना उठवून चार नेमक्या वाक्यांत परिस्थिती सांगण्याचे धाडस तिला होत नाही. माझ्या मते या अभ्यासक्रमातील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे, कारण रुग्णाचा जीव पुष्कळदा त्या एका फोनवर अवलंबून असतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली, सिम्युलेशनला (पुतळ्यांवर व कृत्रिम प्रसंगांतून केलेल्या सरावाला) स्थान मिळाले आणि आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप ठरली. त्यांतले सहा आठवडे प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेसाठी, तर सामुदायिक आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य आणि प्रसूती यांसाठी प्रत्येकी चार. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. ज्या रुग्णालयात इंटर्नला ठरावीक रुग्ण देऊन, अनुभवी स्टाफ नर्सच्या देखरेखीखाली हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती व जबाबदारी) घेण्यापासून देण्यापर्यंतची पूर्ण पाळी करायला लावतात, तिथून आलेली मुले पहिल्याच आठवड्यात वेगळी उठून दिसतात. जिथे त्यांचा उपयोग फक्त अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई म्हणून होतो, तिथे बावीस आठवडे तापमान लिहिण्यात आणि नमुने प्रयोगशाळेत पोहोचवण्यात निघून जातात. (शिक्षण इंग्रजीत झालेले असल्याने इन्सुलिनची मात्रा आजीबाईंना मराठीत समजावतानाही काहींची त्रेधा उडते, पण ते लवकर सुधारते.)

प्रवेश घेणाऱ्यांनी आणि पालकांनी संलग्न रुग्णालयात किती खाटा आहेत एवढेच विचारून थांबू नये. त्यांपैकी किती भरलेल्या असतात, आणि संध्याकाळच्या व रात्रीच्या पाळीत विद्यार्थ्यांसोबत क्लिनिकल शिक्षिका वॉर्डमध्ये असते का, हेही विचारावे. शक्य झाल्यास शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून त्याची खात्री करून घ्यावी.